लोड : साहेबाची गाडी

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.५०. बॅटरी १००%.

आजपासून रोजनिशी. आयुष्यात मोठे बदल होतात तेव्हा नोंद असलेली बरी. पुढे कुणी विचारलं तर तारखेसकट सांगता येतं.

काल गाडी आली. इलेक्ट्रिक. पांढरी. आवाज नाही, धूर नाही, सायलेन्सर तर नाहीच. जुनी डिझेल गाडी एक्स्चेंजमध्ये गेली. बारा वर्षांची होती. ती वळणाआड जाईपर्यंत बायको, चारुशीला, गेटशी उभी होती. मी म्हणालो, धुराचं युग संपलं. ती म्हणाली, "युग राहू द्या, ही चार्ज कुठे करणार ते सांगा." म्हणालो, कारखान्यात, सगळं ठरलंय. (आज ठरवायचं आहे.)

चारुशीला शाळेत गणित शिकवते. गणितवाल्यांना आनंद होत नाही, फक्त उत्तर येतं.

संकल्प : यापुढे आयुष्यात डिझेलचा एक थेंब नाही. रोज सकाळी चालायला जाणे. सोसायटीत चार्जिंग पॉइंट मिळतो, त्याचा फॉर्म या आठवड्यात भरणे. फॉर्म फ्रिजवर ठेवला आहे, म्हणजे येता-जाता दिसेल.

आज चाललो नाही. गाडी पाहत बसलो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.१५. बॅटरी ६७%.

मनीषनगरच्या घरापासून कन्हानच्या पुढे आमचा कारखाना, तेहतीस किलोमीटर. जाऊन-येऊन तेहतीस टक्के गेले. डोळ्यांदेखत. कामठी रोडवर सिग्नलला उभा असताना एक टक्का गेला, उभ्या उभ्या.

आम्ही कागदाचे द्रोण आणि पत्रावळी बनवतो. मी मॅनेजर, प्रशासन. जानेवारीत नव्या शेडमध्ये आलो. विजेचे खांब गेटपर्यंत आलेत, लाइन जोडायची राहिली आहे. वीज कार्यालयाला शेडच्या नकाशाची सही-शिक्क्याची प्रत पाहिजे. ती माझ्याकडे आहे. म्हणजे नकाशा आहे, शिक्का मारायचा आहे. तोवर सगळा कारखाना मोठ्या जनरेटरवर चालतो. जनरेटर डिझेलवर.

इथे एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून ठेवतो. मी गाडी जनरेटरवर चार्ज करणार नाही. मी ती कारखान्याच्या विजेवर चार्ज करणार आहे. वीज कुठून येते हा कारखान्याचा प्रश्न.

भैय्याजींची, म्हणजे मालकांची, परवानगी घेतली. ते फोनवर होते. मान हलवली. ती माझ्यासाठी की फोनसाठी, हे विचारलं नाही. मोठ्या माणसांना दोनदा विचारू नये.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ११.३०. बॅटरी ५०%.

प्लग लावला. लाल दिवा. काढला, लावला. लाल दिवा. गाडीतच दोष असावा. कंपनीला सहा फोन. सातव्याला एक मुलगी म्हणाली, सर, अर्थिंग तपासा.

जनरेटर ऑपरेटर नत्थूजी धकाते यांना बोलावलं. उमरेडचे. वडील हातमागावर धोतरजोड्या विणायचे. मशीन भैय्याजींच्या जुन्या कारखान्यापासून यांच्याच हाताखाली, बावीस वर्षं. बोलतात कमी, लिहितात फार. त्यांच्याकडे एक जाड वही आहे, लॉगबुक. तासातासाला किती लोड, किती डिझेल, काय चालू, काय बंद, सगळं उतरवतात. संध्याकाळी मी खाली सही करतो. वाचत बसत नाही. विश्वास नावाची काही चीज असते.

नत्थूजींनी मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकलं, बादलीभर पाणी ओतलं. हिरवा दिवा! मी टाळी वाजवली. तेवढ्यात प्रेस मशीनचे हीटर चालू झाले आणि पुन्हा लाल. नत्थूजी म्हणाले, "नाजूक हाय जी. मशिनी सुरू झाल्या का विजेचा दाब हालते. सगळं बंद असन तवाच घेईन हे."

५ मार्च, बुधवार. दुपारी १.४०. बॅटरी ४३%. चढती!

तोडगा निघाला. माझाच. मशीन बंद असतात तेव्हा चार्जिंग. सकाळी आठ ते नऊ, शिफ्टच्या आधी. एक ते दोन, जेवणाची सुट्टी. पाच ते साडेसहा, शिफ्टनंतर. रोजचे साडेतीन तास. अडतीस टक्के येतात, तेहतीस जातात. पाच टक्के नफा!

या वेळी नत्थूजी जनरेटर बंद ठेवायचे. आता चालू ठेवायचा. त्यांनी विचारलं, "एका गाडीसाठी एवढं मोठं धूड काहून चालवायचं जी?" मी त्यांना पृथ्वीचं तापमान समजावून सांगितलं. वीस मिनिटं. त्यांनी ऐकलं, खड्ड्यात पाणी टाकलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा मुद्दे.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ७.०५. बॅटरी ६१%.

नफा कुठे जातो कळत नाही. एसी लावला की चार टक्के. चारुशीलेला भाजीला नेलं, दोन टक्के. ती शाळेत स्कूटरने जाते, ते बरं आहे.

झोप नीट लागत नाही. डोळे मिटले की टक्के दिसतात. कारखान्यात मीटिंगमधून तीनदा उठून बाहेर जाऊन आलो. भैय्याजींनी विचारलं, पोट बरं नाही का. हो म्हणालो.

काल घरी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून वायर सोडून पाहिली. खालपर्यंत पोचली, गाडीपर्यंत चार फूट कमी. सोसायटीचे सेक्रेटरी ओमप्रकाशजी खाली उभे. म्हणाले, "सुभेदारसाहेब, तार काढून घ्या बाप्पा. खाली लेकरं खेळून राहिले. फॉर्म भरा ना, आठ दिवसांत पॉइंट देतो." आठ दिवसांत! लोकांना काय, बोलायला काही लागत नाही.

फॉर्म फ्रिजवर आहे. त्यावर लिंबू सरबताची बाटली आहे.

उद्या नकाशावर शिक्का. नक्की.

२० मार्च, गुरुवार. दुपारी १२.१०. बॅटरी ५२%.

आज फार मोठी गोष्ट केली. पुण्याची एक मोठी कंपनी आमच्याकडून पत्रावळी घेणार आहे. त्यांना माल 'ग्रीन' पाहिजे. मी भैय्याजींना म्हणालो, मला ग्रीन को-ऑर्डिनेटर करा. ते म्हणाले, करा. पगार तोच. पैशाचा मोह नाही.

लगेच पुण्याला मेल. त्यात लिहिलं की आमचे मॅनेजर स्वतः इलेक्ट्रिक गाडीनं येतात आणि गाडी इन-हाऊस ऊर्जेवर चालते. तपासणीला अवश्य या. गाडीचा फोटो जोडला. मागे जनरेटरचा धूर दिसत होता, तेवढा कापला.

नकाशा : टेबलाच्या उजव्या खणात. शिक्का : डाव्या खणात.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी. दुपारी २.३०. बॅटरी ६६%.

चारुशीलेची इच्छा की रामजन्माला रामटेकला गडावर असायचं. बारा वाजता पाळणा हलताना. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एकदाही जमलं नव्हतं. मी फेब्रुवारीतच शब्द दिला होता. नवी गाडी, पहाटे निघू, धूर नाही, राम प्रसन्न.

काल जनरेटरची सर्व्हिसिंग होती, चार्जिंग झालं नाही. निघताना ४६%. निघायलाही नऊ वाजले, कारण मी बेरजा करत होतो. कन्हानला २८%. पुढे रामटेक, वर गड, मग घरी परत. चारुशीलेला म्हणालो, पाच मिनिटं कारखान्यात जाऊ.

कारखाना बंद. नत्थूजींना फोन. ते कन्हानातच राहतात. देवळात निघाले होते, कपाळावर गंध, हातात सुंठवड्याची पुडी. आले, खड्ड्यात पाणी टाकलं, जनरेटर सुरू केला. साडेतीन तास.

बारा वाजता गावातल्या भोंग्यावर रामजन्म झाला. चारुशीलेनं गेटजवळच्या खुर्चीवरून उठून हात जोडले. समोर जनरेटर होता. मीही जोडले. नत्थूजींनी सुंठवडा दिला.

मग तिनं नत्थूजींना विचारलं, हे मशीन नुसतं चालू असलं तर तासाला किती पितं. ते म्हणाले, "सात लिटर त पकडाच, बाई." तिनं सुंठवड्याच्या कागदावर लिहिलं. साडेतीन तास, चोवीस-पंचवीस लिटर. म्हणाली, "अहो, एवढ्या डिझेलमध्ये आपली जुनी गाडी अमरावतीला जाऊन परत आली असती, वर दर्यापूरला चहा पिऊन आलो असतो." मी म्हणालो, दर्यापूरला आपलं कोण आहे? ती म्हणाली, "इथं तरी कोण आहे?"

आता निघतोय. गड संध्याकाळी.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.४५. बॅटरी ४७%.

पाळणा केव्हाच हलून थांबला होता. चारुशीला दर्शन घेऊन आली, सरळ गाडीत बसली. गडावरून उतरताना मात्र एक टक्का वाढला! तिला दाखवला. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

माझ्या मनात तो चोवीस लिटरचा आकडा राहिलाच. पण गणितात वातावरण धरत नाहीत. ती चूक आहे.

१६ एप्रिल, बुधवार. दुपारी ३.००. बॅटरी ४४%.

पुण्याच्या वैदेही मॅडम आल्या. तिशीची पोरगी, हातात टॅबलेट, डोक्यावर टोपी. गाडी पाहून खूश. माझा गाडीसोबत फोटो. "चार्जिंग?" म्हणाल्या. मी म्हणालो, इन-हाऊस. "सोलार?" मी म्हणालो, त्याच दिशेनं विचार चालू आहे. विचार चालू होताच, तेव्हाच सुरू केला.

मग त्यांनी डिझेल खरेदीचे महिन्याचे आकडे मागितले. दिले. आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

ऊन पंचेचाळीसला टेकलंय. येताना एसी बंद. काच खाली. शर्ट पिळून वाळत घातला. कारखान्यात तासभर बनियनवर बसलो, दार लावून.

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०.५०. बॅटरी ३९%.

रिपोर्ट आला. गाडीचं कौतुक, एक ओळ. त्याखाली : मार्चपासून डिझेलचा वापर महिन्याला सुमारे सहाशे लिटरनं वाढला, उत्पादन तेवढंच; कारण कळवावे, तोवर ऑर्डर थांबवत आहोत.

भैय्याजी तापलेत. मला बोलावलं. "विश्वनाथजी, तीन ड्रम डिझेल दर महिन्याले गायब होऊन राहिलं, आन् मले पुण्याची पोरगी सांगते! डिझेलची चाबी कोणापाशी असते?" चावी नत्थूजींकडे असते. मी तेवढंच सांगितलं. विचारलं त्याचंच उत्तर द्यावं.

भैय्याजी म्हणाले, "बस, समजलं." मी म्हणालो, घाई नको, आधी चौकशी करू. ते म्हणाले, "तुम्हीच करा. पंधरा मे पर्यंत. नाही निघालं काही, त नत्थू घरी. आन् पोलिसात नाव."

बरं झालं माझ्याकडे दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला नको.

२८ एप्रिल, सोमवार. दुपारी ४.२०. बॅटरी ४१%.

चौकशी सुरू. शक्यता : ड्रमला बारीक भोक. (टॉर्चनं पाहिलं, नाही.) टँकरवाला कमी देतो. (मोजून पाहिलं, दोन लिटर जास्तच होतं.) उन्हानं उडून जातं. (सहाशे लिटर? एवढं उडालं तर कन्हानला ढग यावेत.) उंदीर. (खोडलं.)

जनरेटर आधीपेक्षा जास्त वेळ चालतो, ही एक शक्यता आहे. तांत्रिक आहे. पुढे पाहू.

चौकशी चालू असताना मी एकाएकी चार्जिंग बंद केलं तर उगाच नसता संशय येईल. म्हणून चालूच ठेवलं आहे.

५ मे, सोमवार. सकाळी ८.१५. बॅटरी ३६%.

डिझेलच्या खोलीची चावी भैय्याजींनी नत्थूजींकडून काढून घेतली. सगळ्यांसमोर. आता गेटवाला डिझेल मोजून देतो आणि नत्थूजी कॅन घेऊन उभे राहतात. बावीस वर्षांत त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखी बादली भरली. खड्ड्यात पाणी टाकलं, माझी गाडी लावली, म्हणाले, "छत्तीस टक्के हाय जी. लवकर लावली पाहिजे."

मला अस्वस्थ वाटलं. पंख्याखाली बसलो तरी वाटलं. मग बाहेर जाऊन टक्के पाहून आलो. मग पुन्हा गेलो.

संकल्प : भैय्याजींना सांगणे. या आठवड्यात. योग्य शब्दांत.

८ मे, गुरुवार. सकाळी ६.४०. बॅटरी ४०%.

योग्य शब्दांचा मसुदा.

पहिला : "डिझेल माझ्या गाडीमुळे वाढलं." फार थेट आहे. गैरसमज होईल.

दुसरा : "डिझेलवाढीस काही अंशी विद्युत वाहनही कारणीभूत असू शकते." कुणाचं वाहन ते ओघात कळेल.

तिसरा : "सुट्टीच्या वेळेत जनरेटरवर किरकोळ लोड आढळतो." हा चांगला आहे. समतोल.

काल चारुशीलेनं विचारलं, "सांगितलं?" म्हणालो, मसुदा तयार होतोय. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं. "काहून हो? एक वाक्य आहे. मी सांगू का त्यांना?" मी म्हणालो, हा कार्यालयीन विषय आहे. ती म्हणाली, "खाई त्याला खवखवे." मग पुढची पोळी.

मला रात्रभर घसा खवखवत होता. उन्हाळ्यात होतं असं.

१३ मे, मंगळवार. संध्याकाळी ७.४५. बॅटरी ४८%.

उद्या भैय्याजींसमोर सुनावणी. आज सांगायला दोनदा केबिनपर्यंत गेलो. एकदा ते जेवत होते. एकदा जेवत नव्हते, पण जेवल्यासारखे वाटले.

संध्याकाळी वहीवर सही केली. नत्थूजी तिथेच उभे. वाटलं, यांना काहीतरी म्हणावं. म्हणालो, काळजी करू नका. ते म्हणाले, "मी नाही करत जी. तुमी हाव ना."

फार बरं वाटलं नाही. परतताना कामठीत एसी लावला. जाऊ दे टक्के.

१४ मे, बुधवार. दुपारी १२.४५. बॅटरी ४२%.

लिहायला नको वाटतंय, पण तारखेसकट लिहायचं ठरवलं होतं.

केबिनमध्ये भैय्याजी, मी, नत्थूजी. नत्थूजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, लग्नाला जातात तसे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी माझा अहवाल वाचला. चार पानं. भोक, टँकर, बाष्पीभवन. तिसऱ्या पानावर किरकोळ लोड. भैय्याजी म्हणाले, "हे सब रहने दो. चोर कोण ते सांगा." माझं तोंड उघडलं. मला खरंच वाटलं की आता मी सांगतोय. आणि माझ्या तोंडून निघालं की निश्चित काही हाती लागलं नाही.

भैय्याजी नत्थूजींकडे वळले. म्हणाले, "मंग उद्यापासून येऊ नका. पोलीस ठाण्यात मी जातो." नत्थूजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गाडी बिघडली की मेकॅनिक येतो का म्हणून रस्त्याकडे पाहतात, तसं.

मला काहीतरी करायचं होतं. काय करावं कळेना. म्हणून वही पुढे सरकवली. म्हणालो, भैय्याजी, एवढी घाई नको, हे लॉगबुक पाहा, यात सगळा हिशेब चोख आहे, मी स्वतः रोज तपासून सही करतो. वाटलं, दोघांचीही बाजू राखली.

भैय्याजींनी चष्मा लावला. वही उघडली. मग मोठ्यानं वाचायला लागले.

"पाच मार्च. आठ ते नऊ. सर्व मशीन बंद. जनरेटर चालू. लोड, साहेबाची गाडी. डिझेल सात लिटर. एक ते दोन. सर्व मशीन बंद. लोड, साहेबाची गाडी. सात लिटर. पाच ते साडेसहा. लोड, साहेबाची गाडी. साडेदहा लिटर. सही, वि. सुभेदार."

पान उलटलं. सहा मार्च. तेच. माझी सही. सात मार्च. माझी सही. आठ मार्च, माझी सही, त्या दिवशी तर खाली दोन रेघाही मारल्या होत्या. भैय्याजी थांबेनात. "सहा एप्रिल. रामनवमी. कारखाना बंद. जनरेटर चालू, दहा पन्नास ते दोन वीस. लोड, साहेबाची गाडी. बाई सोबत होत्या." त्याच्याखाली माझी सही, सोमवारची.

सत्तावन्न सह्या. मी मोजल्या. उभ्या उभ्या दुसरं काय करणार?

भैय्याजींनी वही मिटली. नत्थूजींना विचारलं, "एवढं होतं त तुमी काहून नाही बोलले?" नत्थूजी म्हणाले, "लिहून देल्लं होतं जी. साहेबाची सही झाली म्हंजे सांगून झालं. मले वाटे, साहेब आज सांगतीन, उद्या सांगतीन." मग म्हणाले, "त्यायले माहीत होतं ना सगळं. रोज सही करून राहिले होते."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मसुदा करूनही दुसरा सापडत नाही.

१५ मे, गुरुवार. दुपारी १.१०. बॅटरी ९%.

नत्थूजींना चावी परत. भैय्याजींनी स्वतः दिली, सगळ्यांसमोर. मला हुकूम तीन. कारखान्यात चार्जिंग बंद. ग्रीन को-ऑर्डिनेटर बंद. आणि रोज संध्याकाळी लॉगबुकचं पान नत्थूजींना मोठ्यानं वाचून दाखवायचं, मगच सही.

काल संध्याकाळी मी नत्थूजींपाशी गेलो. मसुदा नव्हता. म्हणालो, चुकलं माझं, मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते जनरेटर पुसत होते. म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं जी, त खड्ड्यात मीठ कमी टाकलं असतं, हिरवा दिवाच लागला नसता." मग पुन्हा पुसायला लागले. माफ केलं की नाही कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आज कसाबसा पोचलो. आता नऊ टक्क्यांत घरी जाता येत नाही. गाडी शेडमध्ये उभी.

नकाशावर शिक्का मारला. दोन्ही खण उघडून बंद करेपर्यंत अकरा मिनिटं लागली. वीज कार्यालयात स्वतः नेऊन दिला. तिथला बाबू म्हणाला, एवढंच पाहिजे होतं साहेब, जानेवारीपासून वाट पाहून राहिलो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.५०.

नत्थूजींनी मोपेडवर मागे बसवून कन्हानच्या स्टॉपवर सोडलं. पुढे बस, मग रिक्षा. घरी आलो तर फ्रिजसमोर उभा राहिलो. सरबताची बाटली उचलली. फॉर्म खाली तसाच. घेतला, भरायला बसलो, तर भरलेला होता. नाव, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, सगळं चारुशीलेच्या अक्षरात. तारीख ५ मार्च. फक्त एक चौकोन रिकामा होता.

चारुशीला म्हणाली, "तुमची सही तेवढी राहिली होती. रोज बाटली उचलून पाहत होते, वाटलं, करतील कधीतरी."

नीट वाचला. दोनदा. मग सही केली.

१९ मे, सोमवार. संध्याकाळी ५.१०.

बॅटरीचा आकडा लिहीत नाही, गाडी इथेच आहे. लाइन जोडायला पंधरा दिवस. सोसायटीचा पॉइंट आठ दिवस. पुण्याला भैय्याजींनी खरं कळवलं, ऑर्डर पुढे सरकली. पत्रात माझं नाव होतं, कौतुकाच्या ओळीत नव्हतं.

पाच वाजता जनरेटर बंद झाला. इतकी शांतता या वेळी मी इथे कधी ऐकली नव्हती. गेटबाहेर पोपटी रंगाचा एक पक्षी बोलत होता. नाव माहीत नाही. नत्थूजींनी वही आणून समोर धरली. हात बांधून उभे राहिले. मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"एक ते दोन. सर्व मशीन बंद. जनरेटर बंद. डिझेल शून्य. पाच वाजता जनरेटर बंद. साहेबाची गाडी, उभी."

नत्थूजींनी विचारलं, "बराबर हाय ना जी?"

बरोबर होतं. सही केली. ते मोपेड काढायला गेले आणि मी त्यांच्या मागे निघालो.